मेंडेलचे वाटाणे आणि मेंडेलचे मन

आनुवंशिकतेचा धडा शिकवायला घेतला की आपण फळ्यावर चौकट आखतो, उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर करतो आणि ३:१ या गुणोत्तरापाशी येऊन थांबतो. ग्रेगोर मेंडेलची ओळख एका वाक्यात आटोपते : हा एक ख्रिस्ती धर्मगुरू होता आणि मठाच्या बागेत त्याने प्रयोग केले. पण हा माणूस आपल्याच व्यवसायातला होता. त्याने जवळजवळ पंधरा वर्षे शाळेत शिकवले आणि शिक्षकाची पात्रता परीक्षा मात्र त्याला कधीच उत्तीर्ण होता आली नाही. आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. वयाच्या सतराव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंत मेंडेल पुन:पुन्हा मनाने खचला आणि पुन:पुन्हा सावरला.

पुढे त्याच्याच नियमांचा आधार घेऊन, मन आजारी असलेल्या लाखो माणसांवर 'सदोष बीज' असा शिक्का मारला गेला. आपल्याकडेही 'त्यांच्या घराण्यात वेड आहे' असे एक वाक्य लग्ने मोडायला आणि मुले दबून जायला पुरते. म्हणून मेंडेलच्या आयुष्याचा हा भाग आणि मानसिक आजारांबद्दल आजचे आनुवंशिकीशास्त्र काय सांगते, या दोन गोष्टी आपण एकत्र पाहू या.

अंथरूण धरणारा विद्यार्थी

मेंडेलचा जन्म १८२२ साली सायलेशियातल्या हाइन्त्सेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव आज झेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव हिन्चित्से आहे. योहान हे त्याचे पाळण्यातले नाव. वडील आंतोन शेतकरी होते. स्वत:च्या शेतावर राबून शिवाय आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराकडे वेठीला जावे लागे. १८३८ साली झाडाचा बुंधा अंगावर पडून ते जायबंदी झाले. सोळा वर्षांचा योहान तेव्हा घरापासून दूर, ट्रोपाऊच्या शाळेत होता. घरून पैसे येणे बंद झाले आणि तो शिकवण्या करून पोट भरू लागला.

१८३९ साली तो आजारी पडून काही महिने घरी आला. पुढच्या वर्षी ओल्म्युत्झच्या तत्त्वज्ञान विद्यालयात गेला. अनोळखी गावात शिकवण्या मिळेनात. निराशा आणि पुढची काळजी यांनी तो इतका खचला, की वर्षभर घरी राहून त्याला प्रकृती सुधारावी लागली. धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वत:च्या हुंड्यातला वाटा त्याला दिला, म्हणून शिक्षण पुरे झाले. (पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार मेंडेलने उचलला.) हे सगळे आपल्याला मेंडेलकडूनच कळते. १८५० साली परीक्षेच्या अर्जासोबत त्याने स्वत:चा छोटा जीवनवृत्तांत लिहून दिला होता. त्यात तो स्वत:ला 'मी' न म्हणता 'तो' म्हणतो.

मेंडेलला नेमका कोणता आजार होता? त्या काळी त्याचे निदान झाले नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कागदांवरून आज निदान चिकटवणे योग्यही नाही. नैराश्य म्हणावे, चिंताविकार म्हणावे, अशा अनेक शक्यता आहेत. पण ताण वाढला की अंथरूण धरायचे आणि आठवडे, महिने उठायचे नाही, हा क्रम वारंवार दिसतो.

मठाधिपतीचे पत्र

१८४३ साली मेंडेलने ब्र्युन (आजचे ब्रनो) येथील सेंट थॉमस मठात प्रवेश घेतला आणि त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. परिस्थितीनेच आपला मार्ग ठरवला, असे त्याने त्या वृत्तांतात मोकळेपणाने लिहिले आहे. रोजच्या भाकरीची चिंता मिटणे ही त्याची गरज होती. हा मठ ऑगस्टिनियन पंथाचा. तिथे प्रार्थनेइतकेच अध्ययनाला महत्त्व होते. मठातले बरेचजण शहरातल्या शाळांत शिकवत. मठाधिपती सिरिल नॅप हा स्वत: विद्वान होता. मेंढ्यांच्या पैदाशीवर १८३७ साली चर्चा चालू असताना, वंशात नेमके काय उतरते आणि कसे, हाच खरा प्रश्न आहे, असे त्याने बजावले होते.

१८४७ साली मेंडेलला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी त्याच्याकडे पॅरिशचे काम आले. आजारी आणि मरणासन्न माणसांच्या उशाशी जाऊन त्यांना धीर देणे हे त्यातले एक मुख्य कर्तव्य. मेंडेलला ते झेपेना. दुसऱ्याची वेदना पाहताच त्याला अनावर भीती ग्रासू लागली आणि तो स्वत:च गंभीर आजारी झाला.

एखाद्या धर्मगुरूला मरणाऱ्याजवळ बसवत नाही, ही गोष्ट किती लाजिरवाणी मानली जाऊ शकते याची कल्पना करा. 'याची श्रद्धाच कमी पडते' असे म्हणणे सोपे होते. नॅपने तसे म्हटले नाही. ३० सप्टेंबर १८४९ रोजी त्याने बिशपला पत्र लिहिले. त्याचा आशय असा : हा माणूस धर्माचरणात आणि विद्याभ्यासात मेहनती आहे, पण रुग्णांच्या सान्निध्यात त्याला अनिवार भीती वाटते, तो त्यामुळे आजारी पडला, म्हणून मी त्याला या कामातून मोकळे केले आहे आणि झ्नाइमच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवत आहे.

या पत्रात दोष नाही, उपदेशही नाही. जे काम माणसाला मोडत होते ते काढून घेतले आणि जे त्याला जमण्यासारखे होते ते दिले. श्रद्धा आणि मानसिक आजार यांच्या संबंधाचा विचार करताना हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मेंडेलला खचवणारे कर्तव्य धर्मसंस्थेनेच दिले होते. सावरायला लागणारे छप्पर, सोबत, समजूतदार वडीलधारा आणि नियमित दिनक्रम हेही त्याच संस्थेने दिले.

सावरणे म्हणजे काय?

झ्नाइमला मेंडेल आवडता शिक्षक झाला. पण कायम होण्यासाठी परीक्षा आवश्यक होती. १८५० साली तो व्हिएन्नात नापास झाला, तोही इतर विषयांबरोबर जीवशास्त्रात! नॅपने त्याला १८५१ ते १८५३ व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवले. तिथे डॉप्लरकडून भौतिकशास्त्र आणि उंगरकडून वनस्पतिशास्त्र तो शिकला. १८५६ साली पुन्हा परीक्षेला बसला, पण मध्येच सोडून परतला आणि पुन्हा आजारी पडला. त्यानंतर त्याने ही परीक्षा कधी दिली नाही.

आता तारखा जुळवून पाहा. १८५६ हेच ते वर्ष, ज्या वर्षी वाटाण्याचे संकर सुरू झाले. वाटाण्याच्या ३४ वाणांची शुद्धता त्याने आधीच दोन वर्षे तपासली होती. सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद अशा वाफ्यात पुढची आठ वर्षे, १८६३ पर्यंत, त्याने सुमारे २८,००० रोपे वाढवली. परागकण कुंचल्याने लावायचे, फुलाला पिशवी बांधायची, शेंगा सोलायच्या आणि दाणे मोजायचे. एका प्रयोगात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. हे गुणोत्तर २.९६:१ येते. दुपारी तो शाळेत शिकवायचा. कच्च्या मुलांना तो मठाच्या बागेत बोलावून फी न घेता शिकवत असे, अशा आठवणी त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे सांगितल्या.

मनोरुग्णसेवेत आज 'रिकव्हरी' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक अर्थ लक्षणे नाहीशी होण्याचा. दुसरा अर्थ असा, की आजाराने घातलेल्या मर्यादा असतानाही माणसाने अर्थपूर्ण, आशेचे आणि समाधानाचे जगणे उभे करणे. ही दुसरी व्याख्या अमेरिकेतील विल्यम अँथनी यांनी १९९३ साली मांडली. आजारातून गेलेल्या आणि पुढे स्वत: मानसशास्त्रज्ञ झालेल्या पॅट्रिशिया डीगन यांनी १९८८ साली असाच विचार स्वानुभवातून लिहिला होता. मेंडेलचे सावरणे या दुसऱ्या अर्थाचे होते. परीक्षेची भीती गेली नाही. ती परीक्षा देण्याची गरज नसलेले आयुष्य त्याने उभे केले.

यात श्रद्धेचा वाटा किती, याचे मोजमाप करता येत नाही. पण मेंडेल शेवटपर्यंत श्रद्धाळू धर्मगुरू राहिला आणि १८६८ साली स्वत: मठाधिपती झाला. त्याच्या ईस्टरच्या प्रवचनाचे एक टिपण उपलब्ध आहे. पुनरुत्थित ख्रिस्त मरीया मग्दालीयेला माळ्याच्या रूपात दिसतो, या प्रसंगावर त्याने त्यात चिंतन केले आहे. बी पेरणारा आणि रोपाची निगा राखणारा माळी ही प्रतिमा मेंडेलला जवळची वाटली, यात नवल नाही.

गुणोत्तराचा गैरवापर

मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि विसरला गेला. १८८४ साली तो वारला. १९०० साली द व्हरीस, कोरेन्स आणि चेरमाक यांच्यामुळे त्याचे नियम पुन्हा प्रकाशात आले. मग मात्र उत्साहाला धरबंध राहिला नाही. अमेरिकेत रोझानॉफ आणि ऑर यांनी १९११ साली दावा केला, की 'वेड' हा वाटाण्याच्या सुरकुतीसारखा एका जोडीचा अप्रभावी गुण आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ सालीच 'सदोष' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता.

म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍यूदिनने १९१६ साली ७०१ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्या आजाराच्या रुग्णांची भावंडे त्याने मोजली. एका जोडीचा अप्रभावी गुण असता, तर निरोगी आईबापांच्या मुलांत चारातले एक, म्हणजे २५ टक्के आजारी निघायला हवे होते. निघाले सुमारे साडेचार टक्के. गणित जुळले नाही. र्‍यूदिनने मग दोन जोड्या असतील असा तर्क केला. शंकेला इतकी जागा असूनही १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि त्यावरचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत र्‍यूदिन होता. स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसाद, अपस्मार हे सारे त्या यादीत होते. सुमारे चार लाख माणसांवर या शस्त्रक्रिया झाल्या. १९४० आणि १९४१ साली तर ७०,००० हून अधिक रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले.

ख्रिस्ती मंडळी या काळात दोन्ही बाजूंना होती. अमेरिकन युजेनिक्स सोसायटीने १९२६ साली सुप्रजननावरच्या प्रवचनांची स्पर्धा ठेवली, तेव्हा अनेक पाद्री त्यात उतरले. उलट पोप अकरावे पायस यांनी १९३० साली सक्तीच्या नसबंदीचा निषेध केला. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ च्या प्रवचनात रुग्णांच्या हत्येचा जाहीर धिक्कार केला. मेंडेलचे पहिले मोठे चरित्र १९२४ साली लिहिणारा ह्यूगो इल्टिस हा ब्रनोतलाच एक शाळाशिक्षक. त्याने वंशवादी 'विज्ञाना'विरुद्ध लिहिले आणि अखेर त्याला देश सोडून अमेरिकेला जावे लागले.

दहा नाण्यांचा खेळ

मग खरे काय आहे? वर्गात करून पाहता येईल असा एक खेळ आम्ही सुचवतो. वाटाण्याच्या उदाहरणासाठी दोन नाणी पुरतात : एक आईचे, एक बापाचे. एकतरी छापा पडला तर दाणा गोल, दोन्ही काटे पडले तर सुरकुतलेला. चाळीस मुलांनी दोन नाणी उडवली, की ३:१ च्या जवळचे उत्तर येते.

आता प्रत्येकाने दहा नाणी उडवावीत. छापा म्हणजे 'धोका किंचित वाढवणारे' जनुक असे समजा. बहुतेकांना चार, पाच किंवा सहा छापे येतील. नऊ किंवा दहा छापे फार क्वचित, १,०२४ शक्यतांपैकी फक्त ११ वेळा, म्हणजे सुमारे १ टक्का. नऊ किंवा अधिक छापे म्हणजे आजार, असे मानू. दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, छापे सगळ्यांकडेच आहेत. 'चांगले बीज' आणि 'वाईट बीज' असे दोन ढीग पडतच नाहीत. दोन, आजारी आणि निरोगी यांत एखाद्या छाप्याचाच फरक असू शकतो.

आता नऊ छाप्यांच्या माणसाला मूल झाले, तर? त्याच्या दहा नाण्यांतली कोणतीही पाच न बघता उचलून तशीच ठेवा. दुसऱ्या पालकाची म्हणून उरलेली पाच नव्याने उडवा. सरासरी सात छापे येतील. म्हणजे धोका वाढला, हे खरे. पण नऊपर्यंत पोचणारे शंभरात अकराच्या आसपास, उरलेले एकोणनव्वद पोचतच नाहीत.

आता प्रत्यक्षातले आकडे पाहा. स्किझोफ्रेनिया आयुष्यात केव्हातरी होण्याचे प्रमाण शंभरात एक किंवा थोडे कमी आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर मुलांत हे प्रमाण सुमारे दहा टक्के. आमच्या खेळातले आकडे इतके जवळ येणे हा काहीसा योगायोग आहे, कारण खरी 'नाणी' दहा नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७७,००० रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी छोटा. नैराश्याच्या बाबतीत २०२५ साली अशा सुमारे ७०० जागांची नोंद झाली. नैराश्याच्या रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत धोका दोन-तीन पटींनी वाढतो, पण तिथेही बहुसंख्य नातेवाईक निरोगी राहतात.

खेळात एक उणीव आहे आणि तीच सर्वांत बोलकी आहे. एकसारख्या जुळ्यांची दहाही नाणी सारखीच. मग एकाला आजार झाला की दुसऱ्याला व्हायलाच हवा. प्रत्यक्षात स्किझोफ्रेनियात दुसऱ्या जुळ्यालाही आजार होण्याचे प्रमाण ३३ ते ५० टक्के इतकेच आढळते. म्हणजे नाण्यांखेरीज बरेच काही आहे : गर्भावस्थेतले आजार, बालपणीचे आघात, गरिबी, एकटेपणा, गांजाचे सेवन आणि निव्वळ योगायोगसुद्धा.

'स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ८० टक्के' असे वाक्य वर्तमानपत्रांत येते. त्याचा अर्थ एका माणसाच्या आजाराचा ८० टक्के भाग जनुकांचा, असा नाही. समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा किती हिस्सा जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच हा आकडा सांगतो. आजार कसा वळेल, हे तर तो मुळीच सांगत नाही. व्हरमाँट राज्याच्या मनोरुग्णालयातून १९५० च्या दशकात बाहेर पडलेल्या २६९ दीर्घकालीन रुग्णांचा सरासरी ३२ वर्षांनी शोध घेण्यात आला. हे निष्कर्ष १९८७ साली कोर्टने हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यांतले निम्मे ते दोन-तृतीयांश रुग्ण बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले.

मेंडेलचा स्वत:चा डीएनए

२०२२ साली मेंडेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने ब्रनोच्या शास्त्रज्ञांनी मठाच्या संमतीने त्याचे अवशेष थडग्यातून काढून त्याच्या डीएनएची तपासणी केली. मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार यांच्याशी संबंध असलेले बदल त्यात सापडले. अपस्मार आणि चेतासंस्थेच्या विकारांशी जोडला जाणारा एक बदलही सापडला. त्याच्या मानसिक आजारपणाचे मूळ यातच असेल का, अशी चर्चा लगेच सुरू झाली.

नाण्यांचा खेळ खेळलेला विद्यार्थी याला काय उत्तर देईल? असे बदल अंगी असून निरोगी असणारी माणसे पुष्कळ असतात. एका बदलावरून निदान होत नाही. झाडाखाली जायबंदी झालेले वडील, उपाशी काढलेले दिवस, रुग्णाच्या उशाशी वाटलेली भीती या गोष्टी डीएनएच्या अक्षरांत लिहिलेल्या नसतात. तेरेझियाने दिलेला हुंड्यातला वाटा आणि नॅपचे पत्रही त्यात नसते. मेंडेल का खचला, याचे अर्धवट उत्तर कदाचित जनुकांत मिळेल. तो का सावरला, हे पाहायला त्याच्या भोवतालच्या माणसांकडेच जावे लागते.

वर्गात काय सांगावे?

आनुवंशिकतेच्या धड्यानंतर एखादे मूल विचारते, किंवा विचारायचे धाडस न करता मनात ठेवते : 'माझ्या आईला हा आजार आहे. मलाही होणार का?' त्याला 'छे, काही होत नाही' असे सांगणे खोटे ठरेल, आणि 'हो, वंशातून येतो' एवढेच सांगणे त्याहून खोटे. खरे उत्तर आकड्यांत आहे : धोका थोडा जास्त आहे, पण अशा शंभर मुलांपैकी नव्वदांना स्किझोफ्रेनिया होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यावरही उपचार आहेत आणि पुष्कळजण सावरून चांगले आयुष्य जगतात.

श्रद्धेचा विषय निघाला तर तोही टाळू नये. आजार हा पापाचे फळ नाही, श्रद्धा कमी पडल्याची खूणही नाही. प्रार्थनेने आणि आपल्या माणसांच्या सोबतीने अनेकांना बळ मिळते. ते जरूर मिळावे. पण ते औषधाच्या जागी नसावे. चर्चमध्ये असो, देवळात किंवा दर्ग्यात असो, कोणाच्याही सांगण्यावरून औषधे परस्पर बंद करू नयेत. आज डॉक्टरांकडे जी औषधे आणि समुपदेशन आहे, त्यांतले मेंडेलच्या काळी काहीच नव्हते. भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या सूचना-फलकावर लावून ठेवावा.

आणि परीक्षा जवळ आली की दरवर्षी अंथरूण धरणारे, तोंडी परीक्षेत उभे राहिल्यावर थरथर कापणारे एखादे मूल आपल्या वर्गात असतेच. त्याच्यावर शेरा लिहिण्याआधी, त्याला कोणते काम झेपत नाही आणि कोणते जमेल, हे नॅपप्रमाणे आधी पाहावे. पालकांशी बोलावे, गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्यायला सुचवावे. मेंडेलच्या धड्याला एक तास अधिक दिला, तर या गोष्टीही त्यात बसवता येतील.